बोबा फेट मेला का? एका मरणाचा 38 वर्षं चाललेला खटला

‘बोबा फेट मेला का?’ असं विचारलं तर ‘स्टार वॉर्स’चा मुरलेला चाहता हो किंवा नाही म्हणत नाही. तो उलट विचारतो, ‘कोणत्या तारखेला?’ हा प्रश्न चेष्टेचा नाही. मे 1983 ते डिसेंबर 2021 या काळात हे पात्र मेलं, वाचलं, पुन्हा खड्ड्यात पडलं, जगलं, बेपत्ता झालं आणि परत आलं. त्यातला सगळ्यात मोठा बदल तर कथेत एकही नवी ओळ न लिहिता झाला. एखादं पात्र मेलं की नाही यावरचे वाद कुठे अडकतात, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं प्रकरण सापडणं कठीण आहे.

पडद्यावर नेमकं काय दिसतं

फेट हा भाडोत्री शिकारी, म्हणजे पैसे घेऊन माणसं पकडून देणारा. 1980 च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये त्याला मोजून चार संवाद आहेत. तरीही तो लोकप्रिय झाला, कारण चित्रपटाआधीच त्याचं चिलखत लोकांसमोर आलं होतं. नोव्हेंबर 1978 च्या टीव्हीवरच्या खास कार्यक्रमात तो कार्टून रूपात झळकला. पाठोपाठ केनर कंपनीने खेळण्यांच्या पाकिटांवरची चार चिठोरी पाठवणाऱ्याला त्याची बाहुली देऊ केली. तिच्या पाठीवरचं रॉकेट उडणार अशी जाहिरात होती. मुलांच्या घशात अडकेल या भीतीने कंपनीने ते चिकटवूनच पाठवलं. थोडक्यात, माणूस कमी आणि गूढ जास्त अशी त्याची सुरुवात झाली.

25 मे 1983 ला ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ आला. टॅटूईन ग्रहावर कारकूनच्या खड्ड्यात सारलॅक नावाचा प्राणी आहे आणि गुंडांचा म्होरक्या जब्बा कैद्यांना त्याच्या तोंडी देणार आहे. झटापट सुरू होते. कैद्यांपैकी नायक हान सोलोला नीट दिसत नाही, कारण त्याला कार्बोनाइटमध्ये गोठवून ठेवलं होतं आणि तो नुकताच त्यातून बाहेर आलाय. तो हातातला दांडा आंधळेपणाने फिरवतो, दांडा फेटच्या जेटपॅकला लागतो आणि जेटपॅक आपोआप पेटतो. फेट भिरभिरत जब्बाच्या मोठ्या तरांड्यावर आदळतो, वाळूवरून गडगडत खड्ड्यात जातो, आणि सारलॅक ढेकर देतो. पुरावा एवढाच. मृतदेह नाही, रक्त नाही, ‘तो मेला’ असं म्हणणारं कुणी नाही.

‘मेला’ म्हणणाऱ्यांचा भर ढेकरेवर असतो, पण ढेकर हा विनोद आहे, वैद्यकीय दाखला नव्हे. त्यापेक्षा वजनदार पुरावा त्याआधी काही मिनिटं मिळतो आणि तो नेमका उलट्या दिशेने जातो. सी-थ्रीपीओ हा यंत्रमानव जब्बाची शिक्षा वाचून दाखवतो: सारलॅकच्या पोटात कैदी हजार वर्षं हळूहळू पचत राहील. म्हणजे चित्रपटाच्या स्वतःच्या हिशोबाप्रमाणे आत पडलेला माणूस लगेच मरत नाही. मरण लांबवणं हीच त्या शिक्षेची खुबी. फेट पडला त्या क्षणी मेला असं म्हणणारा चित्रपटातल्या संवादालाच खोटं पाडतो.

इथे आवृत्तीचा घोळही लक्षात ठेवावा. 1983 च्या मूळ प्रतीत सारलॅक म्हणजे दातेरी कडांचं भोक आणि काही सोंडा. त्याला गिळणारी मोठी चोच 1997 च्या विशेष आवृत्तीत संगणकाने जोडली. ‘अशा चोचीतून कोण सुटणार?’ हा मुद्दा फेटची सुटका दाखवणाऱ्या 1984 च्या कॉमिकविरुद्ध वापरणं म्हणजे तेव्हा अस्तित्वातच नसलेला साक्षीदार उभा करणं. आवाजाचंही तेच. मूळ चित्रपटात फेटला जेसन विंग्रीनचा आवाज होता. 2004 च्या डीव्हीडीत तो काढून टेमुएरा मॉरिसनचा घातला, कारण 2002 च्या चित्रपटात फेट हा जँगो फेटने मुलासारखा वाढवलेला त्याचाच क्लोन ठरला आणि जँगोची भूमिका मॉरिसनने केली होती. वाद घालताना नुसतं चित्रपटाचं नाव पुरत नाही, कोणत्या वर्षाची प्रत तेही सांगावं लागतं.

सुटकेचे तीन जबाब

पहिली सुटका फार लवकर झाली. मार्च 1984 ची तारीख असलेल्या मार्व्हलच्या ‘स्टार वॉर्स’ कॉमिकच्या 81 व्या अंकात जावांना, म्हणजे भंगार गोळा करणाऱ्या बुटक्या जमातीला, वाळवंटात फेट सापडतो. चिलखतामुळे तो त्यांना यंत्रमानव वाटतो आणि ते त्याला आपल्या सँडक्रॉलरमध्ये, म्हणजे वाळवंटात चालणाऱ्या अवाढव्य गाडीत, टाकतात. त्याची स्मृती गेलेली असते. हान त्याला वाचवायला धडपडतो, नेमक्या त्याच क्षणी फेटला सगळं आठवतं, तो हानवर गोळी झाडतो आणि सँडक्रॉलरसकट पुन्हा त्याच खड्ड्यात जातो. अंक संपतो तेव्हा हिशोब शून्यावर: एकदा सुटला, एकदा परत पडला.

दुसरा जबाब 1991-92 च्या ‘डार्क एम्पायर’ या डार्क हॉर्सच्या कॉमिकमालिकेचा. तिथे फेट सरळ समोर येऊन उभा राहतो आणि सारलॅकला आपण पचलो नाही एवढंच सांगून विषय संपवतो. कसा सुटला, किती दिवसांनी, काही नाही. हा ‘सांगितलेला’ पुरावा. ‘दाखवलेला’ पुरावा काही वर्षांनी एका कथासंग्रहात आला. तिथे सारलॅक आपल्या भक्ष्यांची मनं सांभाळून ठेवतो आणि फेट जेटपॅकचा स्फोट घडवून वाट काढतो. पुढे 1998 च्या कादंबरीत डेंगार या दुसऱ्या शिकाऱ्याला तो वाळवंटात आम्लाने भाजलेला सापडतो.

हे जबाब एकमेकांना छेद देतात का? वरवर पाहता देतात. पण बारकाईने पाहिलं तर प्रत्येक जण वेगळ्या क्षणाबद्दल बोलतोय. कथासंग्रह पोटातला भाग सांगतो, कादंबरी बाहेर आल्यावरचा, आणि ‘डार्क एम्पायर’ काही वर्षांनंतरचा. अडचण फक्त मार्व्हलच्या अंकाची, कारण तिथे फेट परत पडतो. फेट दोनदा पडला आणि दोनदा सुटला असं मानलं तर तोही अंक बसतो. कथा म्हणून ही जुळणी हास्यास्पद आहे, पण कॅननच्या, म्हणजे कथाविश्वात अधिकृत मानल्या जाणाऱ्या मजकुराच्या, दृष्टीने चोख आहे. जुळणी सुंदर असावी लागत नाही, विसंगती नसली की पुरे. चाहते इथेच घसरतात. ‘हे मला पटत नाही’ आणि ‘हे होऊ शकत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं रसिकाचं आहे, दुसऱ्याला पुरावा लागतो.

शिडी असताना

2000 पासून ‘स्टार वॉर्स’ची निर्मिती करणाऱ्या लुकासफिल्ममध्ये लेलंड ची यांनी ‘होलोक्रॉन’ नावाची नोंदवही सांभाळायला घेतली. तिच्यात प्रत्येक गोष्टीला पायरी होती. सर्वांत वर जी-कॅनन, म्हणजे जॉर्ज लुकस यांचे चित्रपट. पुढे मधे टी-कॅनन आलं, दूरदर्शन मालिकांसाठी. त्याखाली सी-कॅनन, म्हणजे कादंबऱ्या, कॉमिक, खेळ. एस म्हणजे दुय्यम, घ्यावं किंवा सोडावं असं, आणि एन म्हणजे मोजायचंच नाही. नियम सोपा: वरची पायरी आणि खालची पायरी भांडली तर वरची जिंकते. भांडण नसेल तर खालचीही खरी.

फेटच्या प्रकरणात हा नियम काय सांगतो? जी-पायरीवर फेट खड्ड्यात पडतो. सी-पायरीवर तो बाहेर येतो. पडणं आणि बाहेर येणं यात विरोध नाही, तेव्हा 2000 ते 2014 या काळात फेट निर्विवाद जिवंत होता. तो पुढे मँडलोरियन या चिलखतधारी लढवय्यांचा प्रमुख झाला, त्याला नातही मिळाली. ‘चित्रपट वरच्या पायरीवर आहे, म्हणून तो मेला’ हा त्या काळातला लाडका युक्तिवाद मुळातच चुकीचा होता. वरच्या पायरीने मरण दाखवलंच नव्हतं, मग तिने खालच्या पायरीला खोडायचं कशाच्या जोरावर?

याच टप्प्यावर निर्मात्याचा शब्द वादात ओढला जायचा. 2004 च्या डीव्हीडीवरच्या समालोचनात लुकस यांचा सूर असा होता की, फेट इतका लोकप्रिय होईल हे ठाऊक असतं तर त्याचा शेवट अधिक लक्षात राहील असा केला असता. तो खड्ड्यातून बाहेर येतो असं दृश्य जोडण्याचा विचारही मनात येऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं. एकाच समालोचनातून दोन्ही पक्ष आपापला निकाल काढत. खरं तर त्यातून एकच गोष्ट पक्की होते: ते दृश्य जोडलं गेलं नाही. निर्मात्याच्या मनात आलेलं आणि निर्मात्याने पडद्यावर ठेवलेलं या एका तोलाच्या गोष्टी नाहीत.

25 एप्रिल 2014

ऑक्टोबर 2012 मध्ये डिस्नेने लुकासफिल्म सुमारे 4 अब्ज डॉलरला घेतली. नवे चित्रपट काढायचे तर शेकडो कादंबऱ्यांनी आधीच भरून ठेवलेली वर्षं मोकळी करावी लागणार होती. 25 एप्रिल 2014 ला निर्णय जाहीर झाला: सहा चित्रपट आणि ‘द क्लोन वॉर्स’ हे अचल, इथून पुढचं सगळं कॅनन, आणि मागच्या कादंबऱ्या-कॉमिक ‘लेजंड्स’ या नावाखाली. जुनी शिडी गेली. नव्या व्यवस्थेत, निदान कागदोपत्री, चित्रपट, मालिका, कादंबरी, कॉमिक सगळे एकाच पायरीवर.

त्या एका दिवसाने दोन पात्रांचं काय केलं ते शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. हानचा साथीदार च्यूबाका 1999 च्या एका कादंबरीत मेला होता. सर्नपिडाल ग्रहावर चंद्र कोसळला आणि तो त्याखाली सापडला. कादंबरीच बाद झाल्याने तो 25 एप्रिलला जिवंत झाला आणि डिसेंबर 2015 च्या चित्रपटात दिसलाही. फेट मात्र 24 एप्रिलपर्यंत जिवंत होता आणि दुसऱ्या दिवशी बेपत्ता झाला. बेपत्ता, मृत नव्हे. हा फरक पुष्कळांना कळलाच नाही. लेजंड्समधली सुटका रद्द झाली म्हणून ‘आता तो अधिकृतरीत्या मेला’ असा डंका पिटला गेला. पण सुटकेचा पुरावा काढून घेतल्याने मरणाचा पुरावा तयार होत नाही. प्रकरण परत 1983 च्या जागी आलं: पडला, ढेकर, पुढे कोरं पान.

काही चाहत्यांचा राग मात्र फेटसाठी नव्हताच. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, अशातली ती तक्रार होती. एकदा तीनेक दशकांहून अधिक काळाचं साहित्य एका घोषणेत बाजूला काढता येतं म्हटल्यावर उद्याच्या कादंबरीवर भरवसा काय ठेवायचा? ही तक्रार रास्त आहे. फक्त ती पात्राच्या नशिबाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

चिलखताचा माग

बेपत्ता माणसाचा शोध लागतो तसाच इथे लागला, आधी वस्तू सापडली. सप्टेंबर 2015 च्या ‘आफ्टरमाथ’ कादंबरीत टॅटूईनवर जावांच्या मालात एक मँडलोरियन चिलखत निघतं, आम्लाने खाल्ल्यासारखे खड्डे पडलेलं. कॉब व्हँथ नावाचा माणूस ते घेऊन जातो. मालक कोण, हे कादंबरी सांगत नाही. यावरून किती म्हणता येतं? चिलखत फेटचं असेल तर ते खड्ड्याबाहेर आलंय. माणूस बाहेर आला की नुसतं कवच, हे कळत नाही. त्या वेळचा योग्य निष्कर्ष ‘शक्यता वाढली’ इतकाच होता, तरी दोन्हीकडून निकालाचे नगारे वाजले.

मग आली ‘द मँडलोरियन’ ही मालिका. डिसेंबर 2019 मध्ये पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात फेनेक शँड या मारेकरी बाईच्या निपचित देहाजवळ कुणीतरी येतं. दिसतात फक्त बूट आणि झगा, ऐकू येतो टाचेच्या काट्यांचा आवाज. 30 ऑक्टोबर 2020 ला दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला कॉब व्हँथ ते चिलखत घालून येतो आणि भागाच्या शेवटी टेमुएरा मॉरिसनचा चेहरा दिसतो. साडेसहा वर्षांचं बेपत्तापण तिथे संपलं. 4 डिसेंबरच्या भागात फेट चिलखत परत घेतो. चित्रपटांत ते चिलखत वागवणारे जेरेमी बुलॉक त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 17 डिसेंबर 2020 ला वारले.

‘कसा सुटला’ याचं उत्तर 29 डिसेंबर 2021 ला ‘द बुक ऑफ बोबा फेट’च्या पहिल्या भागात मिळालं. पोटात शेजारीच एका स्टॉर्मट्रूपरचं, म्हणजे साम्राज्याच्या सैनिकाचं, प्रेत आहे. फेट त्याच्या चिलखताच्या नळीतून श्वास घेतो, मनगटावरच्या ज्वालाफेकीने आतली भिंत जाळतो आणि वाळू उकरत वर येतो. अर्धवट शुद्धीत असताना जावा त्याला लुबाडतात आणि नंतर टस्कन या वाळवंटी जमातीचे लोक त्याला बांधून नेतात. जुन्या कथांशी पडताळून पाहा: जावा 1984 च्या अंकातून आले, आम्लाने भाजलेलं अंग 1998 च्या कादंबरीची आठवण देतं, जेटपॅकचा स्फोट मात्र गेला. लेजंड्स हे असं भांडार झालंय. त्यातला प्रसंग उचलला तरी मूळ पुस्तक कॅनन होत नाही. जेवढा तुकडा नव्या कृतीत आला तेवढाच खरा.

याच कारणाने फेटच्या घराण्याचा उपवाद अजून धुमसतो. 1996 च्या एका कथेत फेटचं खरं नाव जॅस्टर मेरील होतं. 2002 मध्ये तो क्लोन ठरल्यावर हे नाव निराधार झालं, तर त्याच वर्षीच्या कॉमिकने जॅस्टरला वेगळा माणूस करून टाकलं, जँगोचा पालनकर्ता. रेटकॉनचा, म्हणजे आधीची गोष्ट मागाहून बदलून घेण्याचा, हा उत्तम नमुना: नाव फेकलं नाही, दुसऱ्याच्या अंगावर चढवलं. पुढे 2010 मध्ये ‘द क्लोन वॉर्स’मध्ये मँडलोरचा पंतप्रधान आल्मेक म्हणतो की जँगो साधा भाडोत्री शिकारी होता, चिलखत त्याला कुठून मिळालं कोण जाणे. दहा वर्षं हे वाक्य ‘फेट मँडलोरियन नाहीत’ याचा अंतिम पुरावा म्हणून मिरवलं गेलं. बोलणारा राजकारणी आहे, जँगोच्या पंथापासून हात झटकण्यात त्याच्या सरकारचा स्वार्थ आहे, आणि तो पुढे भ्रष्ट निघतो, हे कुणी लक्षात घेतलं नाही. 2020 मध्ये बोबा सांगतो की वडील मँडलोरियनांनी सांभाळलेले अनाथ होते आणि त्यांच्या यादवी युद्धात लढले होते, आणि चिलखतात कोरलेली नोंद त्याला दुजोरा देते. एका पात्राच्या शब्दासमोर दुसऱ्या पात्राचा शब्द आणि वर लेखी नोंद, म्हणून पारडं बोबाकडे झुकतं.

अजून उघडं असलेलं

दोन गाठी राहिल्यात. पहिली छोटी. ‘द बुक ऑफ बोबा फेट’च्या चौथ्या भागात फेट आपलं जहाज घेऊन चिलखत शोधायला पुन्हा सारलॅकच्याच खड्ड्यात उतरतो. सारलॅक जहाज पकडतो आणि फेनेक भूकंपी स्फोटक टाकून त्याला संपवते. पण चिलखत जावांनी नेलं हे आपण पाहिलंय, मग हा तिथे का शोधतो? लेखकांची चूक म्हणणारे बरेच आहेत. बेशुद्धीच्या काठावर असलेल्या माणसाला कोणी काय काढून नेलं हे आठवणार नाही, हे उत्तर पुरेसं आहे. प्रेक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट पात्रालाही ठाऊक असली पाहिजे, हा आग्रह चुकीचा.

दुसरी गाठ खरी आहे. ‘आफ्टरमाथ’मध्ये व्हँथला चिलखत मिळतं ते ॲडविन शारू नावाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी झालेल्या गाठीत, जावांच्या सँडक्रॉलरमध्ये, बंदूक चालवून. ‘द मँडलोरियन’ मालिकेत तोच व्हँथ सांगतो की मॉस पेल्गो गावावर खाणमाफियांनी कब्जा केल्यावर तो निसटला, वाळवंटात जावांनी त्याला वाचवलं आणि सिलिकॅक्स स्फटिकांच्या बदल्यात त्याने चिलखत घेतलं. दोन्ही कृती 2014 नंतरच्या, म्हणून दोन्ही कॅनन. सँडक्रॉलर दोन्हीकडे, जावा दोन्हीकडे, पण शारू एकीकडे आणि स्फटिक दुसरीकडे. ‘दोनदा पडला’सारखी जुळणी इथे करता येत नाही, कारण चिलखत एकच आणि ते हाती येण्याचा क्षणही एकच.

जुनी शिडी असती तर निकाल एका ओळीत लागला असता: मालिका वर, कादंबरी खाली. शिडी नाही म्हटल्यावर उरतो तो दाखवलेलं आणि सांगितलेलं यातला फरक. आणि त्या कसोटीवर निकाल बहुतेक चाहत्यांना नको त्या बाजूला जातो. कादंबरीत तो प्रसंग निवेदक थेट सांगतो. मालिकेत तो व्हँथ सांगतो, चिलखत परत मागायला आलेल्या एका मँडलोरियनला. आपण ते रीतसर कमावलं असं पटवून देण्यात त्याचा फायदा आहे. दृश्यं दिसतात खरी, पण ती त्याच्या बोलण्यावर चालतात. तेव्हा पुस्तकातला व्हँथ खरा आणि मालिकेतला व्हँथ थोडं सजवून सांगणारा, असं म्हणायला जागा आहे. लुकासफिल्मने हे म्हटलेलं नाही, उलटंही म्हटलेलं नाही. ज्याने आल्मेकच्या साक्षीवर बोट ठेवलं त्याला व्हँथच्या साक्षीवरही ठेवावं लागेल.